‘करमत नाही’ आणि ‘धसका घेतला’: दोन वेगळी दुखणी, मेंदूतली दोन वेगळी जाळी

गोदाकाठ
(मूळ धागा)

नाशकात सोळा वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय. धागा मुख्यतः समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि एमफिल करणाऱ्या मुलांसाठी आहे, पण कुणीही वाचावा, लिहावं. आपल्या क्षेत्रातलं असलं बोलणं आपण इंग्रजीतच उरकतो. मी मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण मुद्दाच मराठी शब्दांचा आहे.

आधी एक केस. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. बँकेत काम करणारे पस्तिशीतले गृहस्थ. छातीत धडधड, घशाशी आवंढा अडकल्यासारखा, हातापायांना मुंग्या, ‘आता संपलं सगळं’ असं वाटणं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. पॅनिक डिसऑर्डर म्हणून माझ्याकडे आले. मी नेहमीच्या वाटेनं गेले: धडधड म्हणजे हार्ट अटॅक नव्हे हे समजावणं, श्वास, टाळलेल्या जागी हळूहळू परत जाणं. आठ सेशन झाली, फरक जेमतेम.

झटक्यांची नोंद ठेवायला सांगितलं होतं. बँकेतला माणूस, वहीत पट्टीनं रकाने आखलेले: तारीख, वेळ, ठिकाण, दहापैकी तीव्रता. मी दर वेळी फक्त शेवटचं पान बघत होते, ही माझी चूक. नवव्या सेशनला वही पहिल्या पानापासून वाचली. तेवीस नोंदी, त्यातल्या सतरा दुपारी एक ते दोनच्या मधल्या.

‘जेवणाच्या सुट्टीत काय होतं?’

‘काही नाही. डबा उघडतो.’ मग थोड्या वेळानं, ‘सव्वा वाजता आईचा फोन यायचा. जेवलास का, एवढंच विचारायची.’

आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. पहिला झटका वर्षश्राद्ध उरकल्यावर दुसऱ्या आठवड्यातला.

‘त्या वेळी भीती कशाची वाटते?’

‘भीती नाही हो मॅडम. करमत नाही. आणि मग ते एकदम वाढतच जातं.’

घरी येऊन माझेच कागद काढले. ‘करमत नाही’ हे ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. मी प्रत्येक वेळी केसपेपरवर ‘एंग्झायटी’ लिहिलं होतं.

आता मेंदूकडे येते. याक पँकसेप हे नाव आपल्यातल्या अनेकांना माहीत असेल. जन्म १९४३, एस्टोनिया, काम अमेरिकेत, २०१७ मध्ये निधन. विद्यार्थी असताना ते मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळीला मदतनीस होते, आणि तिथूनच भावनांच्या मुळाशी जायची इच्छा झाली. प्राण्यांच्या मेंदूत खोलवर नेमक्या ठिकाणी विजेचं हलकं उद्दीपन दिलं की त्याच त्या भावनिक वर्तनाचे पूर्ण नमुने बाहेर पडतात, हे त्यांच्या कामाचं मुख्य बळ. त्यांनी अशी सात मूळ जाळी मांडली. मी त्यांना माझ्यापुरती मराठी नावं दिली आहेत: ओढ (काहीतरी शोधण्याची, मिळवण्याची), संताप, भय, काम (लैंगिक इच्छा), माया, आकांत (ताटातुटीचा), खेळ. ही सगळी मेंदूच्या सालीखालची (साल म्हणजे कॉर्टेक्स, मेंदूचा बाहेरचा थर), मध्यमेंदूतल्या करड्या भागापासून वर हायपोथॅलॅमसकडे आणि पुढे गेलेली. सस्तन प्राण्यांत थोड्याफार फरकानं सारखीच.

आपल्या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते भय आणि आकांत यांचं वेगळेपण. भयाची वाट अमिग्डला या मेंदूतल्या बदामाएवढ्या भागातून हायपोथॅलॅमसमार्गे मध्यमेंदूत उतरते. शरीराला इजा होईल, कुणी खाईल, पडेन, मरेन, यासाठीची ही यंत्रणा. आकांताची वाट दुसरी: अँटीरिअर सिंग्युलेट, थॅलॅमसचा आतला भाग, आणि तिथून मध्यमेंदू. आईपासून तुटलेल्या पिल्लाचं ओरडणं इथून येतं. १९७८ मध्ये पँकसेप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकट्या ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी थोडा डोस दिला, झोप येणार नाही इतका कमी, तरी त्यांचं विव्हळणं ओसरतं. म्हणजे जवळ घेतल्यावर जे मिळतं ते मेंदूच्या आतल्याच अफूसारख्या रसायनातून मिळतं, आणि माणूस गेला की तेच तुटतं. ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकंही हा आकांत शमवतात.

मराठीत हा फरक आपल्या आज्यांना माहीत होता. ‘धसका घेतला’ म्हणजे भय: एक घटना, ती आत बसली, आता तसलं काही दिसलं की दचकायला होतं. ‘धास्ती’, ‘धडकी भरली’, सगळी त्याच घरातली. ‘करमत नाही’, ‘हुरहूर लागली’, ‘जीव लागत नाही’, ‘पोरकं वाटतं’, ही आकांताच्या घरातली. त्याची पहिली पायरी हुरहूर आणि शेवटची हंबरडा. ‘उमेद गेली’ हे तिसरंच, ओढीचं जाळं मंदावल्याचं. नैराश्याच्या रुग्णानं ‘मन दुःखी आहे’ म्हणणं आणि ‘उमेदच राहिली नाही’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण हल्ली क्लिनिकमध्ये येणारा प्रत्येक जण ‘टेन्शन’ किंवा ‘एंग्झायटी’ म्हणतो, आपणही तेच लिहून घेतो, आणि भेद तिथंच पुसला जातो.

स्वभावाचं काय? २००३ मध्ये केनेथ डेव्हिस, पँकसेप आणि सहकाऱ्यांनी या जाळ्यांवर आधारलेली एक व्यक्तिमत्त्व चाचणी काढली. तिच्यात काम वगळून बाकी सहा आहेत. प्रत्येकाची ही जाळी जन्मतः कमीजास्त हलकी किंवा जड असतात, कुणाचा संताप चटकन पेटतो, कुणाची ओढ दांडगी असते, आणि पुढच्या आयुष्यानं त्यावर रचलेला थर म्हणजे आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो, अशी मांडणी. बिग फाइव्हशी, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुण मोजणाऱ्या नेहमीच्या मांडणीशी, जुळवून पाहिलं तेव्हा खेळ बहिर्मुखतेशी जुळला, ओढ नव्याच्या स्वागताशी, जास्त माया आणि कमी संताप हे मनमिळाऊपणाशी. भय, आकांत आणि संताप हे तिन्ही मिळून भावनिक अस्थिरतेत गेले.

माझं म्हणणं इथंच आहे. न्यूरॉटिसिझम, म्हणजे हीच भावनिक अस्थिरता, या एका आकड्यात तीन वेगळी दुखणी एकत्र कोंबलेली आहेत. दोन माणसांचा तो गुण अगदी सारखा येईल, पण एक आयुष्यभर धास्तीत जगलेला असेल आणि दुसरा आयुष्यभर कुणीतरी सोडून जाईल म्हणून. दोघांना एकच उपचार देणं मला आता पटत नाही.

तुम्ही तुमच्या रुग्णांच्या तोंडून काय ऐकता? मतभेद असतील तर ते आधी लिहा.

---

शाल्मली_म

वाचतेय. ‘करमत नाही’ला इंग्रजी शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. आमच्या केस प्रेझेंटेशनमध्ये हे कधीच येत नाही.

---

सातपुडा

जळगावला मानसोपचारतज्ज्ञ आहे. गोदाकाठ, यात एक जुना दुवा आहे तो घालतो, कारण आमच्या बाजूनं हा फरक औषधानं आधी दाखवला होता.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामिन हे तेव्हा नवं असलेलं औषध घाबरण्याचे झटके येणाऱ्या रुग्णांना दिलं. झटके थांबले. पण ‘पुन्हा येईल की काय’ ही धास्ती तशीच राहिली. उलट बेंझोडायझेपिन वर्गातल्या शामक गोळ्यांनी धास्ती कमी व्हायची. एकाच रुग्णात, एकाच आजारात, दोन तुकडे दोन वेगळ्या औषधांना प्रतिसाद देत होते. आणि क्लाइन यांच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी आईला सोडून शाळेत जाणं जड गेलेलं असतं. पँकसेपनी पुढे हाच धागा उचलला.

दुसरा पुरावा २०१३ चा. दोन्ही बाजूंचा अमिग्डला एका दुर्मीळ आजारानं नष्ट झालेले तीन रुग्ण. त्यातली एक बाई साप, कोळी, भुताटकीचं घर, कशालाच घाबरायची नाही, जिवावरच्या प्रसंगांतही नाही. या तिघांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली आणि तिघांनाही पॅनिकचा झटका आला. अमिग्डला नसताना! आपण विद्यार्थ्यांना अजूनही ‘अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र, पॅनिक म्हणजे त्याचा अतिरेक’ असं शिकवतो. ते थांबवायला हवं.

मात्र प्रामाणिकपणे सांगतो, हा प्रयोग गुदमरण्याचा आहे, ताटातुटीचा नाही. पॅनिक अमिग्डलाशिवाय येतो इतकंच तो सिद्ध करतो. तो आकांताच्या जाळ्यातूनच येतो हे अजून दूर आहे.

प्रॅक्टिसमधला त्रास असा: आजच्या एसएसआरआय (नैराश्यावरच्या, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गोळ्या धास्ती आणि झटके दोन्हींवर काम करतात, त्यामुळे फरक ओळखायची गरजच कुणाला वाटत नाही. आणि गावोगाव क्लोनाझेपाम, तीही बेंझोडायझेपिनच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या खिशात ती पट्टी आधीच असते. झटका ओसरल्यावर गोळीचा असर सुरू होतो आणि श्रेय गोळीला जातं.

---

अवधूत_ठाणे

धागा आवडला, पण माझा मतभेद आहे, आणि तुम्ही मागितलात म्हणून स्पष्ट लिहितो.

मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत (आरईबीटी) शिकलो. कि. मो. फडके सरांनी ती महाराष्ट्रात रुजवली आणि आपल्याकडचे कितीतरी समुपदेशक त्याच मुशीतून आले. त्याचा पाया असा की घटना भावना निर्माण करत नाही, घटनेबद्दलचा दृष्टिकोन करतो. तुमच्या बँकेतल्या गृहस्थांच्या मनातही ‘आईशिवाय मी राहूच शकत नाही’, ‘हे मला सहन होणारच नाही’ असा काही हट्टाचा विचार असणारच. तो न शोधता थेट मध्यमेंदूवर बोट ठेवलं की माणसाच्या हातात करण्यासारखं काय उरतं? ‘माझं जाळंच तसं आहे’ ही सबब आम्ही रोज ऐकतो. ‘मी तापटच आहे, आमच्या घराण्यातच आहे’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याला तुम्ही शास्त्रीय आधार पुरवताय, अशी काळजी वाटते.

---

गोदाकाठ

अवधूत, काळजी रास्त आहे. तापट नवऱ्याचं आधी घेते. जाळं हलकं असणं म्हणजे हात उगारायचा परवाना नव्हे, आणि हे मी अशा माणसाला तोंडावर सांगते. संतापाचं जाळं पेटणं आणि समोरच्या माणसावर हात टाकणं यांच्या मधली जागा म्हणजेच आपलं काम.

विचारांबद्दल: तुम्ही म्हणता तो हट्टाचा विचार मी शोधला होता. आठ सेशन तेच केलं. तो सापडला नाही असं नाही, पण तो नंतरचा होता. आधी सव्वा वाजायचा, डब्याचं झाकण उघडायचं, घसा दाटायचा, आणि मग ‘हे मला झेपणार नाही’. म्हणजे हट्ट आकांताबद्दल होता, आकांत हट्टातून आला नव्हता. मेंदूची साल शस्त्रक्रियेनं काढलेली उंदराची पिल्लंही मस्ती करतात. जन्मतःच मोठा मेंदू जवळजवळ नसलेली मुलं ओळखीच्या आवाजाला हसतात, हिरमुसतात. तिथं दृष्टिकोन कुठून आणायचा?

पण पुढच्या टप्प्यात तुमचीच पद्धत कामी आली. आईबद्दल बोलणं, रडणं, हे झाल्यावर ‘असह्य आहे’ याचं ‘फार जड आहे, पण सोसतोय’ असं होऊ शकलं. क्रम बदलला, एवढंच माझं म्हणणं. रडू वाहून गेल्याशिवाय वाद घालायला माणूस जागेवर नसतो.

---

अवधूत_ठाणे

क्रमाचा मुद्दा मान्य. दुःख आणि नैराश्य यांत एलिस भेद करायचेच, दुःखाला ते योग्य भावना म्हणायचे. पण आम्ही शिकवताना तिकडे फार थांबत नाही, हेही खरं.

---

रानजाई

मी मेंदूविज्ञानात संशोधन करते, रुग्ण बघत नाही. थोडा ब्रेक लावायला आले आहे.

पँकसेप यांची सात जाळी हे या क्षेत्रातलं सर्वमान्य सत्य नाही. जोसेफ लडू, ज्यांनी अमिग्डलावर आयुष्य घालवलं, ते म्हणतात की आपण जे मोजतो ते संरक्षणाचं परिपथ आहे. ‘भीती वाटणं’ ही जाणीव वेगळी आणि ती सालीच्या मदतीनं तयार होते. उंदीर थिजला म्हणून त्याला आपल्यासारखी भीती वाटली असं म्हणू नका. २०१६ मध्ये त्यांनी डॅनियल पाइन यांच्याबरोबर हेही मांडलं की चिंतेवरची औषधं उंदराच्या वर्तनावर तपासून माणसाच्या जाणिवेवर चालतील ही अपेक्षाच चुकीची होती. लिसा फेल्डमन बॅरेट तर आणखी पुढे जातात: भावनांची ठरावीक ठसे असलेली जाळी नसतातच, शरीरातून येणाऱ्या संवेदना आणि आपल्या संस्कृतीनं शिकवलेल्या कल्पना यांतून मेंदू त्या क्षणी भावना घडवतो.

आता गोदाकाठ यांच्या शब्दांच्या मुद्द्याकडे बघा. ‘करमत नाही’ हा शब्द मराठीत आहे म्हणून आकांताचं जाळं वेगळं असल्याचा पुरावा मिळत नाही. बॅरेट म्हणतील, उलट आहे: शब्द होता म्हणून त्या गृहस्थांना तसं वाटलं. एकाच निरीक्षणातून दोन्ही सिद्धान्त आपापला विजय काढू शकतात, आणि तसं होतं तेव्हा ते निरीक्षण निवाडा करायला पुरत नाही.

व्यक्तिमत्त्व चाचणीबद्दलही. ती स्वतः भरायची प्रश्नावली आहे. ‘मला राग चटकन येतो’ याला होय म्हणणं म्हणजे मध्यमेंदू मोजणं नव्हे. आणि जबाबदारीनं, नेटानं काम करण्याचा जो पाचवा गुण आहे, त्याला या सात जाळ्यांत स्पष्ट जोडीदार मिळतच नाही. आपल्याकडे माणसाचा स्वभाव सांगताना ‘फार नेटका आहे हो’ हे किती महत्त्वाचं असतं!

---

शाल्मली_म

रानजाई ताई, मग फिनिअस गेज? आम्हाला तर पहिल्याच तासाला तो शिकवतात. अपघातात मेंदूचा पुढचा भाग गेला आणि माणूसच बदलला.

---

रानजाई

शाल्मली, चांगलं विचारलंस. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हर्मांट, सुरुंग ठासायची एक मीटरहून लांब, सहा किलोची पहार गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो बोलत, बैलगाडीत बसून मुक्कामी गेला. शिवराळ आणि लहरी झाला हे त्याच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे, पण ते सविस्तर वर्णन १८६८ चं, म्हणजे गेज वारल्यानंतर आठ वर्षांनी. पुस्तकात सहसा नसतं ते पुढे आहे: तो चिलीत गेला आणि तिथं बरीच वर्षं सहा घोड्यांची टपालगाडी हाकत होता. वेळापत्रक, उतारू, भाडं, घोडे, परकी भाषा. बेजबाबदार माणसाला हे जमत नाही. म्हणजे पुढचा भाग जखमी होऊनही ठरीव दिनक्रमानं त्याला बरंचसं सावरलं, असं मानायला जागा आहे. तुमच्यासारख्या उपचार करणाऱ्यांनी त्याची गोष्ट चिलीपर्यंत सांगायला हवी.

---

नीलकंठ_न

न्यूरोलॉजिस्ट. ‘ओढ’ या शब्दावर एक अनुभव लिहितो.

निवृत्त शिक्षक, साठीच्या आतबाहेर, पार्किन्सन्स. दुसऱ्या एका ठिकाणी प्रामिपेक्सोल सुरू झालं होतं आणि डोस चढत गेला होता. कंप उत्तम आटोक्यात. दीड वर्षानं बायको एकट्या मला भेटायला आल्या, पिशवीत बँकेचं पासबुक. ऑनलाइन रमीवर पावणेतीन लाख गेले होते. चाळीस वर्षं ज्यांनी भाजीच्या पिशवीचा हिशोब लिहिला ते गृहस्थ. रात्री दोनला उठून जुना रेडिओ सुटा करायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा सुटा. मुलं म्हणाली, बाबा म्हातारपणी बिघडले. कुणी गोळीशी नातं जोडलं नव्हतं, आणि सुरू करताना कुणी त्यांना सावधही केलं नव्हतं.

ही औषधं डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहकांवर बसतात, आणि ओढीचं जाळं डोपामिनवर चालतं. मी त्यांना विचारलं, खेळताना मजा येते का? ‘अजिबात नाही डॉक्टर. जिंकलो तरी नाही. पण हात जातो.’ केंट बेरिज यांनी उंदरांत हेच वेगळं करून दाखवलं होतं: डोपामिन हवंसं वाटण्याशी बांधलेलं आहे, आवडण्याशी नाही. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या जिभेवर गोड ठेवलं तर तो चाटतो, आवडल्याच्या खुणा करतो, पण उठून अन्नाकडे जात नाही.

औषध हळूहळू उतरवलं. एकदम बंद करू नये, त्यानं गंभीर उदासी येते. दोनेक महिन्यांत रमी सुटली. स्वभावाला औषध नाही म्हणतात. इथं औषधानंच स्वभाव आला होता आणि औषधाबरोबर गेला. रानजाईंचे आक्षेप मला मान्य आहेत, सात की पाच की शून्य यावर मी पैज लावणार नाही. पण हे एक जाळं मी दर महिन्याला डोळ्यांनी बघतो.

समुपदेशकांना विनंती: उतारवयात अचानक जुगार, खरेदी, लैंगिक मागणी वाढलेला माणूस आला तर गोळ्यांची पिशवी मागून घ्या.

---

सातपुडा

नीलकंठ, शेवटची ओळ छापून भिंतीवर लावण्याजोगी आहे. ‘उमेद गेली’साठीही याच वाटेवर काम झालं आहे. जर्मनीत श्लेपफर, कोएनन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कशालाच दाद न देणाऱ्या नैराश्यात मध्य अग्रमेंदू गठ्ठ्यावर, म्हणजे ओढीच्या जाळ्याच्या मुख्य वाटेवर, इलेक्ट्रोड बसवले. थोडेच रुग्ण होते, पण बऱ्याच जणांत सुधारणा लवकर दिसली. मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायचं बाकी आहे, म्हणून रुग्णाला आशा दाखवू नये.

आणि कुणी विचारायच्या आत: इस्राएलमध्ये २०१६ साली आत्महत्येच्या तीव्र विचारांवर ब्युप्रिनॉर्फिनचा अगदी कमी डोस चार आठवडे देऊन पाहिला, पँकसेप त्यात होते, आणि प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) फरक दिसला. कल्पना तीच, आकांत शमवायचा. पण हे व्यसन लागू शकणारं औषध आहे. या धाग्यावरून कुणी प्रयोग करू नये.

---

मृण्मयी_७

मी शाळेत समुपदेशक आहे, जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी दोन्ही शाळांत जाते. मेंदूचं वाचन फार नाही, पण ‘खेळ’ हे जाळं वाचून एक मूल डोळ्यांसमोर आलं.

दुसरीतला मुलगा. बाई म्हणाल्या, ‘हा तुमच्यासाठी नाही, हा फार शहाणा आहे. मस्ती नाही, भांडण नाही.’ मी मधल्या सुट्टीत मैदानाकडेला बसले. सगळी पोरं आबाधुबी खेळत होती आणि हा भिंतीला पाठ लावून उभा. चेंडू पायाशी आला तर तो उचलून परत दिला, नीट, दोन्ही हातांनी, आणि पुन्हा भिंतीला टेकला. पुढे कळलं, वडील पिऊन येतात, कधी येतील नेम नाही.

पँकसेप यांचा एक प्रयोग मी ऐकलाय तो बरोबर आहे का सांगा. मस्ती करणाऱ्या उंदरांच्या पिल्लांच्या पिंजऱ्यात मांजराचे थोडे केस ठेवले, आणि पिल्लांनी खेळणं थांबवलं?

---

गोदाकाठ

मृण्मयी, बरोबर. त्या पिल्लांनी आयुष्यात मांजर पाहिलेलं नव्हतं. केस काढून टाकल्यावरही पुढचे कित्येक दिवस खेळ पूर्ववत झाला नाही. भय चढलं की खेळ बंद होतो. मांजराचे केस घरात आहेत आणि शाळा त्याला शहाणपणाचं बक्षीस देतेय.

सगळीच शांत मुलं अशी नसतात, हे जपून सांगायला हवं. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवी खेळणी दाखवून पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, आणि त्यातली अनेक पुढे बुजरी झाली. २००३ मध्ये, दोन वर्षांचे असताना बुजरे म्हणून नोंदलेले लोक विशी ओलांडल्यावर स्कॅनमध्ये पाहिले, तर अनोळखी चेहऱ्यांना त्यांचा अमिग्डला जास्त उठत होता. पण सगळी बुजरी बाळं चिंतातुर मोठी होत नाहीत. बुजऱ्या मुलात आणि भ्यायलेल्या मुलात फरक कसा करायचा? मी बघते ते एवढंच: बुजरं मूल ओळख झाली की खुलतं, घरी तर धिंगाणा घालतं. भ्यायलेलं मूल घरी जास्त गप्प असतं.

रानजाई, तुमच्या आक्षेपावर दोन दिवस विचार केला. शब्द हा पुरावा नाही, मान्य. तो माग आहे. रुग्णानं ‘करमत नाही’ म्हटलं म्हणून मी निदान करणार नाही, पण ‘कोण गेलं?’ हे विचारीन, जे ‘एंग्झायटी’ ऐकून माझ्याकडून विचारलं गेलं नव्हतं. बॅरेट बरोबर असतील तर शब्दाची किंमत आणखीच वाढते, कारण मग आपण केसपेपरवर जो शब्द लिहितो तो रुग्णाची भावना घडवण्यात सामील होतो.

---

रानजाई

हे मला मान्य आहे. ‘माग’ चालेल.

---

मृण्मयी_७

त्या मुलाच्या बाईंना मांजराच्या केसांचं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता खेळाच्या तासाला स्वतः त्याच्याजवळ उभ्या राहतात. खेळाचा तास गणिताला द्यायचा नाही एवढं मुख्याध्यापकांकडून घेतलंय, दुसरी-तिसरीपुरतं.

---

शाल्मली_म

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या (भावना आणि नाती फार अस्थिर असतात तो) रुग्णांबद्दल कुणी लिहील का? वॉर्डात आम्हाला सांगतात, ‘रागीट आहे, मॅनिप्युलेट करते, लांब राहा.’

---

गोदाकाठ

शाल्मली, ‘लांब राहा’ हा त्या दुखण्यावरचा सगळ्यात वाईट उपाय आहे. बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी इस्पितळात आईपासून तुटलेल्या मुलांत पाहिलं होतं: आधी आक्रोश आणि राग, मग खचणं, मग तुटलेपण. अशा रुग्णात मला आकांताचा उंबरठा फार खाली असलेला दिसतो, आणि संताप त्याच्या पाठोपाठ येतो. मेसेजला उत्तर आलं नाही, आकांत उठला, दहा मिनिटांनी शिव्या. आपल्यापर्यंत फक्त शिव्या पोचतात. म्हणून तिला ‘राग का आला’ न विचारता ‘त्याच्या आधीची दहा मिनिटं सांग’ असं विचार. पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ कागदावर लिहून हातात दे, आणि ती पाळ. साधी गोष्ट आहे, पण आकांताला हेच कळतं.

---

अवधूत_ठाणे

त्या बँकेतल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

---

गोदाकाठ

बहीण ओझरला असते. आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी आईबद्दल बोलायचे टाळत होते, दुसऱ्याला त्रास नको म्हणून. दोघांना एकत्र बोलावलं, दोन भेटी नुसत्या आईच्या आठवणींच्या झाल्या. आता सव्वा वाजता तो बहिणीला फोन करतो. ती विचारते, जेवलास का. सातपुड्यासारख्याच एका सहकाऱ्यानं दिलेली गोळी चालू आहे, ती आम्ही थांबवलेली नाही.

वही अजून ठेवतात. गेल्या तीन महिन्यांत चार नोंदी आहेत, चारही रविवारच्या. रविवारी बहिणीकडे पाहुणे असतात, म्हणून फोन करत नाही, असं म्हणाले. या गुरुवारी त्यावर बोलणार आहोत.